पळसाला पानं तीनच?

कुठंही जा, पळसाला पानं तीनच. ही म्हण तुम्हीही अनेकदा वापरली असेल. बदली होऊन नव्या गावी गेलेला कारकून ती म्हणतो, चौथ्यांदा भाडेकरू बदललेला घरमालकही म्हणतो. मी बत्तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि वर्षातून दोनदा तरी ही म्हण वर्गात ऐकवली. दरबार मोगलांचा असो की पेशव्यांचा, माणसं सारखीच, हे सांगायला ती फार सोयीची. पण मंडळी, पळसाचं पान मी स्वतः कधी नीट पाहिलं होतं का? पत्रावळीत पाहिलं होतं. वाळलेलं, काडीनं टाचलेलं, आणि वर गरम भात.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारीच्या शेवटी, नात शाळेतून एक छापील कागद घेऊन आली. त्यावर चार रकाने होते. तारीख, ठिकाण, हवा, काय दिसलं. खाली चित्रासाठी रिकामी चौकट. महिनाभर रोज एक कागद भरायचा. पहिल्या दिवशी तिला पळस हवा होता, कारण टेकडीच्या पायथ्याचा पळस नुकताच फुलला होता आणि रिक्षातून जाताना तिनं तो पाहिला होता. मी म्हटलं, आण इकडे पेन्सिल, मी दाखवतो. जेवणाच्या टेबलावर बसून मी मध्ये एक गोल काढला, भोवती पाच पाकळ्या काढल्या, खाली देठ आणि देठाला दोन पानं. आमच्या वेळी फूल असंच शिकवायचे. तिनं कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "आबा, हा पळस नाही. हे नुसतं फूल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेकडीवर गेलो. सोबत पाण्याची बाटली, पाठकोरे कागद आणि एक पुठ्ठा. झाडावर एकही पान नव्हतं. साळुंक्यांचा गोंगाट चालला होता, आणि एक शिंजीर फुलात चोच घालून लगेच पळत होता. खाली पडलेलं एक फूल मी उचललं आणि काढायला बसलो. पहिल्या पाचच मिनिटांत लक्षात आलं की माझी नजर फुलावर कमी आणि कागदावर जास्त आहे. म्हणजे मी समोरचं काढतच नव्हतो, डोक्यात होतं ते काढत होतो. नातीनं युक्ती काढली. तिनं माझ्या हातावर आपली टोपी ठेवली. कागद दिसेना, आणि मी फुलाकडे बघत नुसती रेघ ओढत गेलो. चित्र वेडंवाकडं आलं, पण पोपटाच्या चोचीसारखी खालची बाक त्यात बरोबर उतरली होती.

पाकळ्या पाचच असतात, पण त्या पाच सारख्या नसतात. एक मोठी, मागे वळलेली. दोन बाजूंच्या. आणि उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून ती चोच तयार होते. देठाजवळ काळपट मखमलीची टोपी असते. पासष्टाव्या वर्षी मला हे कळलं. त्याआधी दर होळीला मी पळस पाहतच होतो की.

घरी आल्यावर त्या चार रकान्यांनी मला वेगळ्याच वाटेवर नेलं. इतिहासाच्या माणसाला कागद दिसला की त्याचं मूळ शोधावंसं वाटतं, ही आमची खोड. असे छापील रकाने कुणी पहिल्यांदा काढले असतील? शोधत गेलो तर धागा १७६७ पर्यंत पोहोचला. त्या वर्षी लंडनमध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाच्या कायदेपंडितानं निसर्गाच्या नोंदींसाठी एक कोरी वही छापून घेतली. तापमान, वाऱ्याची दिशा, पाऊस, कोणतं झाड पालवलं, कोणतं फूल प्रथम उमललं, कोणता पक्षी प्रथम दिसला, असे तिचे रकाने.  तिची एक प्रत गिल्बर्ट व्हाइट याच्याकडे गेली. हा सेलबोर्न नावाच्या खेड्यातला धर्मोपदेशक. त्यानं १७६८ च्या जानेवारीपासून ती भरायला घेतली आणि जून १७९३ मध्ये मरेपर्यंत दर वर्षी नवी वही भरत राहिला. सारखेच दिसणारे तीन छोटे पक्षी एकच नाहीत, तीन वेगळ्या जातींचे आहेत, हे त्यानं मुख्यतः त्यांच्या आवाजावरून ओळखलं. अर्थात वहीत उतरलेलं सगळंच खरं असतं असंही नाही. त्याच्या बागेतल्या कासवाला तो टिमथी म्हणायचा आणि नर समजायचा. ती मादी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कळलं.

व्हाइटला चित्रकला येत नव्हती. पुस्तकासाठी चित्रं हवीत म्हणून त्यानं १७७६ च्या उन्हाळ्यात ग्रिम नावाचा स्विस चित्रकार पैसे देऊन अठ्ठावीस दिवस ठेवून घेतला. हे वाचलं आणि मला माझ्याच कपाटातलं एक पुस्तक आठवलं. त्याच काळातला एक इंग्रज आपली चित्रं आपणच काढत होता, आणि तेही आपल्या मुंबईत. त्याचं पुस्तक मी तीस वर्षं वापरत होतो, आणि त्यातली निम्मी पानं मी न वाचताच उलटली होती.

त्याचं नाव जेम्स फोर्ब्ज. ईस्ट इंडिया कंपनीत लेखनिक म्हणून तो १७६५ साली इंग्लंडहून निघाला, तेव्हा त्याला सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. पुढच्या वर्षी मुंबईत उतरला आणि १७८४ पर्यंत मुंबई, केरळचा किनारा, भडोच, डभई असा या किनाऱ्यावर वावरला. पेशवाईच्या अभ्यासकाला फोर्ब्ज माहीत असतो तो राघोबादादांमुळे. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानंतर कर्नल कीटिंगची फौज राघोबांच्या मदतीला गुजरातेत गेली. मे महिन्यात अडासची लढाई झाली. फोर्ब्ज त्या फौजेत कीटिंगचा सचिव होता. त्याचं ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ १८१३ मध्ये चार खंडांत निघालं. मी त्यातून राघोबांची छावणी, तोफा, तहाची कलमं, एवढं काढून घेतलं. मध्येच पोपट आला, चिंच आली, फुलपाखरू आलं, की मी पान उलटायचो. साहेबाला रिकामा वेळ होता, असं मनात म्हणायचो.

त्या उन्हाळ्यात मी ती उलटलेली पानं वाचली. भारतात असताना केलेली टिपणं आणि चित्रं तो पुढे जपत राहिला, जोडत राहिला. त्यांचे दीडशे मोठे खंड झाले, पानं ५२ हजार. छापलेलं पुस्तक हा त्यातला निवडलेला अंश. भडोचजवळ नर्मदेतला कबीरवड त्यानं पाहिला, त्याचं चित्र काढलं. पुराच्या पाण्यानं त्या झाडाचा बराच भाग ओढून नेल्याचं लिहिलं, आणि जे उरलं त्याचा घेर सुमारे दोन हजार फूट. मोठी खोडं साडेतीनशे, लहान तीन हजारांवर. चित्र काढायला बसलेला माणूस मोजल्याशिवाय उठत नाही, हे मला आता स्वतःवरून कळू लागलं होतं. ‘वड फार विशाल होता’ असं लिहून तो मोकळा झाला असता, तर आज आपल्याला काय मिळालं असतं?

त्यानं सांगितलेला एक प्रसंग मी मुद्दाम सांगतो. वडाखाली शिकारीला गेलेल्या मंडळींपैकी एकानं एक माकडीण मारली आणि ती तंबूत नेली. माकडांचा कळप तंबूभोवती गोळा झाला. बंदूक रोखल्यावर बाकीचे मागे हटले, पण त्यांचा म्होरक्या हलेना. आधी दरडावत होता, मग विव्हळू लागला, आणि शेवटी हातवारे करून तो मेलेला जीव मागू लागला. तो त्याला दिल्यावर तो उचलून घेऊन गेला. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी पुन्हा माकडावर बंदूक न चालवण्याचं ठरवलं. मी या पुस्तकातून तोफा मोजल्या होत्या, आणि हे पान माझ्या हातून निसटलं होतं.

फोर्ब्जच्या बाबतीत पाहणारा आणि काढणारा एकच होता. पण आपल्याकडे याच्या आधी दीडशे वर्षं एक असा पाहणारा होऊन गेला, ज्याच्या शेजारी चित्रकार उभा असायचा. तो म्हणजे बादशहा जहांगीर. १६१२ मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखान गोव्याच्या बंदरातून काही दुर्मिळ प्राणी-पक्षी घेऊन आला. त्यात एक टर्की होता. हा पक्षी अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलेला. जहांगिरानं आत्मचरित्रात त्याचं वर्णन लिहिलं. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, आणि डोकं-मान क्षणाक्षणाला रंग बदलते. पुढे तो लिहितो की, माझ्या पणजोबांनी, म्हणजे बाबरानं, प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांना त्यांची चित्रं काढायला सांगितलं नाही. मी सांगितलं, म्हणजे ऐकून वाटलं त्याहून पाहून अधिक नवल वाटेल. उस्ताद मन्सूरनं काढलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गंमत अशी, की रंग बदलतो हे शब्दांत सांगता येतं. चित्रकाराला मात्र एक क्षण निवडावा लागतो. म्हणून वहीत दोन्ही हवं, चित्रही आणि शेजारी चार ओळीही. नातीच्या शाळेच्या कागदात चौकट आणि रकाने दोन्ही होते, ते उगाच नव्हते.

जहांगीर नुसता हौशी नव्हता. त्यानं सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती, नावं ठेवली होती लैला-मजनू. १६१८ मध्ये गुजरातच्या मुक्कामात त्यांनी अंडी घातली, तेव्हा त्यानं रात्रंदिवसाची नोंद ठेवली. रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर शेजारी उभा राहून पहारा देतो. पहाटे नर चोचीनं तिची पाठ खाजवतो, ती उठते आणि तो बसतो. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी पहाटे उठून, किंवा माणसं बसवून, हे बघतो! तोच बादशहा शिकारीतही तितकाच रमायचा आणि माणसांना भयंकर शिक्षाही द्यायचा. वहीनं माणूस देव होत नाही.

मन्सूरचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण बादशहानं ते लिहून ठेवलं. १६२० मध्ये काश्मिरात मन्सूरनं काढलेल्या फुलांची संख्या शंभराच्या वर गेली, हेही त्यानंच लिहिलं. सगळ्या हातांच्या नशिबी हे नसतं. त्याचं उदाहरण माझ्या घरापासून लोकलच्या काही स्थानकांवर आहे. दापोडी.

दापोडीही मी लढाईसाठीच ओळखत होतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी कवायती पलटण होती, तिचा कप्तान फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई सुरू झाली, तेव्हा ही पलटण दापोडीहून निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशव्यांच्या पैशानं पोसलेली पलटण पेशव्यांवरच उलटली, हे सांगताना वर्गात माझा आवाज चढायचा. पण फोर्डच्या त्या बंगल्याचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२८ च्या सुमारास, तो सरकारनं घेतला आणि तिथं वनस्पतींची बाग उभी राहिली. १८३८ पासून तिचा प्रमुख होता अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर. पुढे तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात गिब्सननं बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची चित्रं करवून घेतली. त्यातली दीडशेहून अधिक आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. २००२ मध्ये हेन्री नोल्टी यांनी त्यांवर पुस्तक काढलं आणि ‘दापुरी चित्रं’ जगापुढे आली.

चित्रं कुणी काढली? एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकारानं. एवढंच. त्याचं नाव कुठं नाही. रोपाचं लॅटिन नाव आहे, बागेचं नाव आहे, साहेबाचं आहे. पानाची शीर न् शीर ज्यानं पाहिली तो निनावी राहिला. नातीला मी हे सांगितलं, तर तिनं विचारलं, "त्यानं खाली सही का नाही केली?" मी म्हटलं, त्याला सही करायची सोय होती का, हाच प्रश्न आहे. तिनं त्या दिवसाच्या कागदावर, स्वतःच्या चित्राखाली, नाव-आडनाव इयत्तेसकट लिहिलं. शाळेनं मागितलं नव्हतं.

महिना संपला. तिचे कागद शाळेत जमा झाले, माझी वही चालू राहिली. या वयात चित्रकार होण्याची हौस नाही. माझा कावळा अजूनही कोंबडीसारखा येतो. पण काही सवयी लागल्या. तारीख आणि वेळ आधी लिहायची. दिसलं ते आणि वाटलं ते वेगळं लिहायचं. नाव माहीत नसेल तर अडून बसायचं नाही, ‘मान काळी, शेपूट हलवतो’ एवढं लिहायचं. मोजता येईल ते मोजायचं. खाडाखोड रबरानं पुसायची नाही, चुकीची रेघ राहू द्यायची आणि शेजारी बरोबर काढायची. आणि जे कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकायचं. अर्थ नंतर लागतो, कधी कधी फार नंतर.

सलीम अलींचं उदाहरण घ्या. १९०६-०७ च्या सुमारास मुंबईत खेतवाडीला मामांच्या घरी राहणारा दहा वर्षांचा मुलगा. हातात छऱ्याची बंदूक. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं, आत मादी अंड्यांवर, बाहेर नर पहाऱ्याला. त्यानं नर मारला. थोड्या वेळात मादीजवळ दुसरा नर हजर. तोही मारला. आठवड्याभरात असे आठ नर झाले, आणि दर वेळी नवा आला. मुलानं हे कागदावर लिहून ठेवलं. आज वाचताना वाईट वाटतं, पण त्यानं मारलं तेवढंच लिहिलं नाही, पुढे काय झालं तेही लिहिलं. ती नोंद पुढे काही दशकांनी त्यांनी जशीच्या तशी छापली, कारण तोवर पक्ष्यांच्या जोड्यांबद्दल तिचं मोल कळलं होतं.

हाच मुलगा १९३० मध्ये, जर्मनीतून शिकून आलेला आणि नोकरी नसलेला तरुण म्हणून, अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेला. पावसाळ्यात घराजवळ सुगरणींची वसाहत होती. शिडी लावून, मचाण बांधून तो तासन् तास बसला. सुगरणीचा नर अर्धं घरटं विणतो. मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते. मग नर ते पुरं करतो आणि शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं घ्यायला लागतो. सुगरणीची घरटी आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली, आणि विणकामाचं श्रेय कायम मादीला दिलं. नावच सुगरण! बेकार माणसानं एक पावसाळा एका झाडाला दिला, तेव्हा खरा कारागीर कोण ते पुढे आलं.

परत माझ्या पळसाकडे येतो. जूनमध्ये पाऊस पडल्यावर मी एकटाच टेकडीवर गेलो. फुलं केव्हाच संपली होती, पानं भरली होती. एक पान तोडलं, पुठ्ठ्यावर ठेवलं आणि काढायला बसलो. आपण ज्यांना तीन पानं म्हणतो, ती मिळून खरं तर एकच पान आहे, तीन दलांचं. टोकाचं दल मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखं येत होतं. म्हटलं, आता बाकीची दोन तशीच काढू. काढली, आणि जुळेनात. पुन्हा काढली. तिसऱ्या खेपेला पेन्सिल आडवी धरून रुंदी मोजली. बाजूची दोन्ही दलं वाकडी आहेत. शिरेच्या एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला चिंचोळी, आणि तळाशी तिरपी. टोकाच्या दलाशी त्यांचा आकार जुळतच नाही. तीनच खरी, पण तिन्ही सारखी नाहीत. बत्तीस वर्षं वर्गात जे सांगण्यासाठी मी हे पान वापरलं, ते या पानातच नव्हतं.

घरी येऊन मी ते चित्र नातीला दाखवलं. तिनं पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं, माझी रेघ आणि पानाची कड ताडून पाहिली आणि म्हणाली, "डावीकडचं जरा जास्त फुगलंय, आबा." फुगलं होतं. रेघ तशीच ठेवली आणि शेजारी नवी काढली. खाली लिहिलं: १९ जून, सकाळी साडेसात, टेकडीचा पायथा, रात्री पाऊस. बाजूची दलं वाकडी. सगळ्या पळसांची अशीच की याच झाडाची? अजून दहा झाडं बघणे. आणि तिच्या हट्टामुळे, त्याखाली माझं नाव.